बडे बाबूंचे मेल

आमच्या खोलीतला फोन उचलून नेला तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे आधीच सांगून टाकते. कान किटले होते माझे. आमची संस्था जिल्हाभर शाळा चालवते. राळेगावकडे आहेत, फुलसावंगीच्या बाजूला आहेत, पार झरी जामणीच्या जंगलातही आहेत. मुख्य कार्यालय यवतमाळला, आणि तिथे पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून जी खोली आहे तिच्यात मी बसते. शाळांमधले कॉम्प्युटर, प्रिंटर, हजेरीचं मशीन, विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदी, यातलं काहीही अडलं की निस्तरायचं मी. माझ्या वर साहेब आहेत, पण साहेब निस्तरत नाहीत. ते आढावा घेतात.

फोनवर कुणी थेट तक्रार सांगेल तर शपथ. आधी जेवण झालं का, मग तिकडे पाणी आलं का, मग कुणाच्या तरी मुलीचं लग्न जमल्याची बातमी, आणि मग हळूच, ते प्रिंटर चालून नाही राह्यलं ना ताई. राळेगावकडचे एक लिपिक तर फोन प्रिंटरजवळ नेऊन धरायचे आणि आवाज ऐका म्हणायचे. मी ऐकायचे. काय करता, घरघर ऐकून ऐकून मलाही त्यातलं थोडं कळायला लागलं होतं. पण एक फोन चालू असताना दुसरे वाजत राहायचे, आणि संध्याकाळी साहेब विचारायचे की आज किती कामं झाली, तर मला धड सांगता यायचं नाही.

मग संस्थेने सर्व्हिस डेस्कचं सॉफ्टवेअर घेतलं. नागपूरहून दोघं आले, दोन दिवस राहिले, सावजीचं मटण कुठे चांगलं मिळतं ते यवतमाळच्या माणसांनाच शिकवून गेले. सॉफ्टवेअर मात्र खरंच हुशार होतं. सगळ्या शाळांनी एकाच पत्त्यावर मेल टाकायचा. तो मेल माणसाच्या आधी सॉफ्टवेअर उघडणार. पाठवणारा आपल्या यादीतला आहे का बघणार, असला तर तक्रारीला क्रमांक देणार, तो क्रमांक टाकून पाठवणाऱ्याला लगेच शुद्ध मराठीत पोच देणार, आणि तक्रार माझ्या पडद्यावर रांगेत आणून उभी करणार. त्याच माणसाचा त्याच कामाबद्दल पुन्हा मेल आला, तर विषयातला क्रमांक ओळखून तो नवीन तक्रार करणार नाही, जुन्या तक्रारीखाली नेऊन ठेवणार. साहेब खूश होते. पोस्टमन, आलेलं टपाल नोंदवणारा बारनिशीचा कारकून आणि शिपाई, तिन्ही एकात आले, म्हणायचे, आणि चहाही मागत नाहीत.

भिंतीवर टीव्ही लागला. सुटलेल्या तक्रारी हिरव्या, रखडलेल्या लाल. त्या टीव्हीचा फोटो दर महिन्याच्या बैठकीत दाखवला जायचा. फोन घेऊ नये असा लेखी आदेश निघाला, आणि मग फोनच काढून नेला.

आता आमच्या जिल्ह्यातला माणूस काम झालं की आभार मानल्याशिवाय राहतो का? मी तक्रार सोडवून बंद करायची, की त्याच मेलला उत्तर यायचं, धन्यवाद मॅडम, आपला नम्र. दिवाळीला त्याच जुन्या मेलवर शुभेच्छा. फुलसावंगीकडच्या एका मुख्याध्यापकांनी तर रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवायला सुरुवात केली, हजेरीच्या मशीनची तक्रार होती तिच्याखाली. सॉफ्टवेअर बिचारं काय करणार? बंद तक्रारीवर मेल आला म्हणजे काम पुन्हा अडलं, असं समजून ते तक्रार परत उघडायचं. सुटलेली कामं लाल होऊन भिंतीवर झळकायला लागली. एका महिन्याच्या बैठकीत साहेबांना त्यावरून बोलणी बसली. त्यांनी नागपूरला सांगून एक बारीकसा बदल करून घेतला. बंद तक्रारीवर मेल आला तर ती उघडायची नाही. मेल गुपचूप तिच्याखाली ठेवायचा, पाठवणाऱ्याला पोच द्यायची, की आपला संदेश मिळाला असून आपल्या तक्रारीत नोंदवला आहे, आणि मला काही कळवायचं नाही. टीव्ही पुन्हा हिरवा झाला. गुलाब बंद झाले म्हणून मलाही वाईट वाटलं नाही.

हे सगळं इतक्या विस्ताराने सांगतेय, कारण पुढे जे झालं ते या एवढ्यातूनच झालं. कुणी काही वाईट हेतूने केलं नाही. त्याचाच राग जास्त येतो.

संस्थेचं यवतमाळलाच ज्युनियर कॉलेज आहे, विज्ञान शाखेचं, शेजारी मुलींचं वसतिगृह. आतल्या शाळांमधून दहावी झालेल्या मुलींसाठी दरवर्षी तिथे काही जागा राखून ठेवतात. अर्ज शाळेनेच ऑनलाइन भरायचा, तोही मुलीच्या नोंदीतूनच. गेल्या वर्षी त्या जागांची यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि दारात तिघं येऊन उभे राहिले. पुढे एक वाळकुडे गृहस्थ, शर्ट आत खोचलेला, काखेत रेक्झिनची पिशवी. मागे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी, आणि तिच्यामागे खांद्यावर दुपट्टा टाकलेले तिचे वडील. गृहस्थांनी नमस्कार केला आणि मी आवाजावरून ओळखलं. झरीकडच्या आमच्या शाळेचे मोठे लिपिक, बडे बाबू. इतकी वर्षं फोनवर बोललो होतो, चेहरा पहिल्यांदाच बघत होते.

"त्या पोरीच्या नोंदीचं कईचे मेल टाकून राह्यलो ना जी," ते म्हणाले. "यादी तं लागली म्हणते."

प्रकरण साधं होतं. मुलगी कोलामांच्या पोडावरची, म्हणजे जंगलातल्या वस्तीवरची. सातवीत असताना आजारपणात बरेच महिने घरी राहिली, तेव्हा शाळेने तिच्या नोंदीत शाळा सोडली असा शेरा मारला होता. ती परत आली, कागदोपत्री सगळं दुरुस्त झालं, कॉम्प्युटरवरचा शेरा तेवढा राहून गेला. इतकी वर्षं कुणाचं अडलं नाही. आता अर्ज भरायला गेले तर शाळा सोडलेल्या मुलीचा अर्ज नोंदींचं सॉफ्टवेअर उघडेना. तो शेरा काढायचा अधिकार फक्त मुख्य कार्यालयाला, म्हणजे मला. एका क्लिकचं काम.

मी पडद्यावरच्या रांगेत, म्हणजे अजून न सुटलेल्या तक्रारींत, त्यांच्या शाळेचं नाव टाकलं. काहीच नाही. पुन्हा टाकलं. खोलीत दुसऱ्या शाळांची माणसं बसली होती, कुणी आपली मशीन दुरुस्तीला घेऊन आलेली, कुणी उगाच पंख्याखाली. मी सांगितलं, बडे बाबू, तुमच्या शाळेची एकही तक्रार रांगेत नाही, तुमचा मेल आलेलाच नाही. पडद्यावर होतं तेच सांगितलं. एकदोघं त्यांच्याकडे बघून हसल्यासारखं करून परत मोबाइलमध्ये गेले. आपल्याकडे साहेबांनी मेल टाकला म्हटलं की तो टाकलेला असतो, आणि बाबूंनी टाकला म्हटलं की तो टाकलेला नसतो, असं धरूनच चालतात.

बडे बाबूंनी वाद घातला नाही. मोबाइल काढून पुढे धरला. त्यात आमच्या पोचा होत्या, एकीखाली एक. आपला संदेश मिळाला असून आपल्या तक्रारीत नोंदवला आहे. पहिली पोच आली तेव्हा ती त्यांनी शाळेच्या ओट्यावर वडिलांना वाचून दाखवली होती. वडील तेव्हाच म्हणत होते की आपण यवतमाळला जाऊन येऊ. बडे बाबूंनी त्यांना सांगितलं, कायले जाता, हे पाहा लेखी आलं, झालं समजा. म्हणून वडील जंगलातल्या कामावर गेले, रोपांसाठी खड्डे खोदायला. लेखी आलेल्या शब्दावर बडे बाबूंचा असा विश्वास, की लेखी आल्यावर माणसाने स्वतः जाऊन उभं राहणं त्यांना अविश्वासाचं वाटायचं.

मी गोंधळले. म्हटलं, आत्ता माझ्यासमोर पाठवा. ते टेबलाशी उभे राहूनच एका बोटाने टाइप करायला लागले, आणि लिहिताना ओठांतल्या ओठांत बोलायची त्यांना सवय. प्रति, विषय, मग संदर्भ, आपला क्रमांक, आणि तो लांबलचक क्रमांक त्यांनी पाठ असल्यासारखा म्हटला. मोबाइल फुर्र वाजला. आम्ही चौघंही पडद्याकडे बघत राहिलो. मुलगीसुद्धा टाचा उंचावून बघत होती. पडद्यावर काही आलं नाही. मी पान रिफ्रेश केलं, पुन्हा केलं, काही नाही. आणि तेवढ्यात बडे बाबूंच्याच मोबाइलवर टिंग झालं. तीच पोच. त्यांनी वाचली आणि मोबाइल माझ्याकडे धरला.

"मियाला म्हणते जी," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा क्रमांक कुठून आणला, विचारलं. तर म्हणाले, तुमीच देल्ला होता, प्रिंटरच्या वख्ती. हिवाळ्यात त्यांच्या प्रिंटरचा ड्रम बिघडला होता, तो त्यांचा आमच्याकडे आलेला पहिला मेल. सॉफ्टवेअरने त्याला दिलेला तक्रार क्रमांक म्हणजे त्यांच्या हिशेबी आमच्या कार्यालयाचा जावक क्रमांक. आणि एकदा का एखाद्या कार्यालयाशी पत्रव्यवहार सुरू झाला, की पुढच्या प्रत्येक पत्रावर विषयाच्या खाली संदर्भ घालायचा, हे ते नोकरीला लागले तेव्हाच्या बडे बाबूंनी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. संदर्भ नसलेलं पत्र बेवारस, ते कुणी फायलीला लावत नाही. मेलमध्ये संदर्भाला वेगळी जागा नाही, म्हणून ते विषयातच घालायचे. झरीकडच्या दुसऱ्या कुठल्या शाळेने ही चूक केली नाही, कारण दुसऱ्या कुठल्या शाळेत पत्र लिहायची रीत इतकी नीट पाळणारा माणूसच नव्हता.

मी क्रमांक टाकून प्रिंटरची तक्रार उघडली. बंद, हिरवी. आणि तिच्याखाली त्यांचे सगळे मेल, कुणीही न उघडलेले. पहिल्यात सविनय सादर, की सदर विद्यार्थिनीच्या नोंदीतील शेरा कमी होण्यास विनंती आहे. मग स्मरणपत्र. मग दुसरं स्मरणपत्र, वर अतितातडीचे असं लिहिलेलं. प्रत्येकात मागच्या सगळ्यांचे संदर्भ, म्हणून मेल खालून वाढत गेलेले. शेवटच्या मेलमध्ये, सह्या-शिक्क्याच्या भाषेत एक वाक्य होतं जे तिथे बसत नव्हतं. मुलगी रोज विचारते आहे. एवढंच. ते लिहावं की नाही यावर बडे बाबूंनी नक्की बराच वेळ घालवला असणार. आणि ते जाऊन पडलं होतं प्रिंटरच्या ड्रमखाली.

मला इतका संताप आला की मी डबा खाडकन बंद केला. कुणावर चिडावं हे कळत नव्हतं. सॉफ्टवेअरने सांगितलं होतं तेच केलं होतं, बडे बाबूंनी शिकवलं होतं तेच केलं होतं, आणि दोघं मिळून एका मुलीचं वर्ष खड्ड्यात घालायला निघाले होते.

क्लिक मी तिथल्या तिथे केलं. शेरा गेला. पण अर्जाचं पान बंद झालेलं, यादी लागलेली, आणि ते उघडणं साहेबांच्या हातात. साहेब बैठकीला गेले होते. मी तिघांना बसायला लावलं, चहा सांगितला. वडील बाहेर जिन्यात जाऊन बसले, खुर्चीवर बसायला तयार होईनात. मुलीला जवळ बसवून विचारलं की सायन्सच का घ्यायचं. ती म्हणाली की शाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे, कपाटात कुलूप लावून ठेवलेला. सरांनी एकदा काढून कांद्याची साल दाखवली होती. घराला कुडाच्या भिंती असतात तशा त्यात भिंतीच भिंती होत्या, एकीला लागून एक. नंतर किल्ली ज्यांच्याजवळ होती त्या बाईंची बदली झाली. यवतमाळच्या कॉलेजात दर आठवड्याला बघायला मिळते म्हणतात, खरं आहे का, असं तिने मलाच विचारलं. मी सांगितलं, खरं आहे.

सर म्हणजे बडे बाबू. शाळेत विज्ञानाची जागा रिकामी होती तेव्हा लिपिकाचं काम सांभाळून तेच वर्गावर जायचे. त्यामुळे मुलं त्यांना सरच म्हणायची.

साहेब आले आणि मी त्यांच्या केबिनमध्ये शिरले. मागोमाग बडे बाबूही आले, मुलगी आणि वडील दाराशी. मी सगळं सांगितलं. साहेबांनी स्वतःच्या पडद्यावर बघितलं आणि शांतपणे म्हणाले की प्रवेशाबद्दल झरीची एकही तक्रार नाही, एक प्रिंटरची आहे आणि ती आपण वेळेत सोडवली. मी म्हटलं, मेल त्याच्याखाली आहेत. ते म्हणाले, नवीन कामाला नवीन तक्रार हवी, तशी पद्धत आहे. मी म्हटलं, यांना नोंदवल्याची पोच गेलीय. तर म्हणाले, नोंदवला आहे असं म्हटलंय, सोडवला आहे असं कुठे म्हटलंय? अशी वाक्यं त्यांना सुचतात कुठून, देव जाणे.

साहेब दुष्ट नाहीत. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला महिनाभर घरून काम करू दिलं होतं. पण मला दिसत होतं की ते घाबरले आहेत. या एका तक्रारीखाली इतके मेल निघाले, तर बाकीच्या बंद तक्रारींखाली काय काय निघेल, हा प्रश्न त्यांच्या मनात माझ्या आधी आला होता. भिंतीवरचा हिरवा रंग त्यांनी सगळ्या बैठकांमध्ये दाखवलेला. घाबरलेला माणूस समोरच्या गरिबावर घसरतो, तसे ते बडे बाबूंकडे वळले. अडचण होती तर फोन का नाही केला?

"फोन तं बंद केला ना जी तुमी," बडे बाबू म्हणाले. चिडून नाही, आठवण करून द्यावी तसं.

साहेब आणखी लाल झाले. इतकी वर्षं नोकरी झाली आणि साधा मेल पाठवता येत नाही, तुमच्यामुळे मुलीचं नुकसान झालं, तिच्या बापाला काय सांगणार, असं बरंच बोलले. दार उघडं होतं. बाहेर पंख्याखाली बसलेल्यांनाही ऐकू जात होतं. बडे बाबूंनी रेक्झिनची पिशवी टेबलाच्या पायाशी ठेवली आणि हात जोडले.

"चूक झाली साहेब," ते म्हणाले. "पोरीले सजा नका देऊ."

केबिनमध्ये कुणीच काही बोललं नाही. साहेब पडद्याकडे बघत होते, मी साहेबांकडे, आणि मुलगी दारातून बडे बाबूंच्या जोडलेल्या हातांकडे. मग साहेबांनी बघू म्हटलं. बघू म्हणजे काय ते आमच्या कार्यालयात सगळ्यांना माहीत आहे, आणि बडे बाबूंना तर जास्तच. त्यांनी पिशवी उचलली, मला नमस्कार केला आणि म्हणाले, पुढची बस चुकली तर रस्त्यातच रात्र काढावी लागेल. जिन्यात वडिलांनी मुलीला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. ती बडे बाबूंच्या मागे पायऱ्या उतरत राहिली.

त्या दिवशी माझा डबा तसाच परत घरी गेला. घरचे म्हणाले, तुझं काय गेलंय त्यात? माझं काहीच गेलं नव्हतं. पण डोळ्यांसमोरून ते जोडलेले हात हलेनात. फोनवर वर्षानुवर्षं ज्या माणसाने मला जेवण झालं का विचारल्याशिवाय एकही तक्रार सांगितली नाही, तो माझ्याच कार्यालयात येऊन न केलेल्या चुकीची माफी मागून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळे मेल तारीखवेळेसकट छापून काढले आणि साहेबांना डावलून सरळ संस्थेच्या सचिव बाईंकडे गेले. पहिल्यांदा त्या भेटल्या नाहीत. दुसऱ्यांदा भेटल्या, तर साहेबांकडून आधीच सगळं ऐकून बसलेल्या. पद्धत, क्रमांक, नवीन तक्रार. मी भांडले. माझा आवाज चढतो हे मला माहीत आहे, आमच्या घरात सगळ्यांचाच चढतो. मी म्हटलं, बाई, सॉफ्टवेअर बाजूला ठेवा. टपालाने पत्र आलं असतं आणि बारनिशीच्या माणसाने ते प्रिंटरच्या फायलीत लावून कपाटात ठेवलं असतं, तर चूक पत्र लिहिणाऱ्याची म्हटली असती का तुम्ही? बाई स्वतः मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी कागद ओढून घेतले आणि एकच विचारलं, की अर्जाची मुदत संपायच्या आधी आलेत का हे मेल. आलेत, म्हटलं. त्या बराच वेळ वाचत बसल्या. मग त्यांनी वसतिगृहात आणि कॉलेजात एकेक जागा वाढवायला लेखी दिलं.

साहेब माझ्याशी पुढे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले. नागपूरला सांगून त्यांना तो बारीक बदल मागे घ्यावा लागला. मग मी बंद तक्रारींखालचे मेल उघडत बसले. आभार होते, गुलाब होते, शुभेच्छा होत्या. आणि मधूनमधून दुसरंही होतं, कुणाचं तरी अडलेलं, उत्तराची वाट बघून शेवटी गप्प झालेलं. त्यांना मी एकेक करून उत्तरं लिहिली. बहुतेकांनी कळवलं की आता गरज राहिली नाही. धन्यवाद मॅडम.

पण जागेचं पत्र हातात आलं त्या दिवशी मी नुसती हवेत होते. मेल वगैरे काही टाकला नाही, आदेश गेला खड्ड्यात, माझ्या स्वतःच्या मोबाइलवरून बडे बाबूंना फोन लावला. त्यांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी माझ्याकडून पत्र वाचून घेतलं. लय मोठं काम केलं जी तुमी, म्हणाले, आणि मग सवयीप्रमाणे विचारलं की जेवण झालं का. मुलगी पोडावर होती. तिला शाळेत बोलावून घेतो, तुम्हीच सांगा तिला, असं त्यांनी ठरवलं. मीही म्हटलं, मीच सांगते. चांगली बातमी आपल्या तोंडाने सांगायचा मोह कुणाला नसतो?

दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा ती तिथे होती. मी एका दमात सगळं सांगितलं. जागा मिळाली, वसतिगृह मिळालं, येताना कुठले कागद आणायचे, माझं घर कॉलेजपासून जवळ आहे, काही लागलं तर ये. फोन कटला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"मले नाई यायचं मॅडम," ती म्हणाली.

मला वाटलं, घरच्यांनी अडवलं असेल. तसं विचारलं. नाही म्हणाली, बाबा जा म्हणून राह्यले. सरही जा म्हणतात, रोज समजावतात. मागे बडे बाबूंचा आवाज ऐकू येत होता, ते तिला काहीतरी सांगत होते, विनवत होते म्हटलं तरी चालेल. तिने तालुक्याच्या गावात आर्टला नाव टाकलं होतं, सायकलवर जाऊन येता येईल म्हणाली. मी म्हटलं, अगं, तिथे सायन्स नाही, प्रयोगशाळा नाही, आणि इथे सगळं झालेलं असताना तू असं का करतेस? माझा आवाज चढला बहुतेक. तिने तो चढू दिला आणि मग सावकाश बोलली.

"सरांईनं हात जोडले त्या दिवशी. चूक त्याईची नव्हती. तुमाले मालूम होतं, त्या साहेबालेबी मालूम होतं. पन चूक तुमची नाई असं कोनी नाई म्हणलं त्याईले."

मी म्हटलं, मी बोलले ग. सचिव बाईंसमोर बोलले, चांगली भांडले, म्हणून तर ही जागा मिळाली. साहेबांची चूक होती हे मी तिथे स्वच्छ सांगितलं.

"हो," ती म्हणाली. "पन तवा सर नव्हते ना तिथं."

आणि तिने फोन बडे बाबूंच्या हातात दिला.